‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

तिनं डबा उघडला आणि फोन वाजला. हॉस्पिटलमधल्या सिस्टर बोलत होत्या.

"मॅडम, वॉर्डातली स्क्रीन पांढरीफटक पडलीय. एकाही पेशंटचं नाव दिसत नाही."

"बघते," म्हणत तिनं डबा बाजूला सारला. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या छोट्या कंपनीत तीच सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. घरी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे कित्येक दिवसांत धड झोप नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

कारण लगेच सापडलं. सकाळी एक नवा पेशंट आला होता, त्याची अॅलर्जीची माहिती कुणी भरलेलीच नव्हती. ज्या भाषेत हा प्रोग्रॅम लिहिला होता ती मोठी मोकळीढाकळी. कुठल्याही नावाखाली काहीही ठेवा, आकडा, शब्द, अख्खी यादी, ती हूं की चूं करत नाही. उघडायला गेलं की मग कोसळते. म्हणून आधीच्या कुणीतरी उघडण्याआधी विचारून घेतलं होतं, हे ऑब्जेक्ट आहे का? म्हणजे आत कप्पे असलेली माहिती आहे का? भाषेनं ‘आहे’ म्हणून सांगितलं. आत काहीच नव्हतं. काहीच नसलं तरी त्याला ऑब्जेक्ट म्हणायचं, ही त्या भाषेची जन्मापासूनची खोड. धंद्यातल्या सगळ्यांना ती ठाऊक असते आणि सगळेच ती विसरतात.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "किती वेळ?"

"कारण कळलंय."

"मग लावा ठिगळ. माहिती नसेल तर ‘अॅलर्जी नाही’ दाखवा. विषय संपला."

तिचे हात कीबोर्डवर गेले. एका ओळीचं काम होतं. वर्षानुवर्षं ठिगळंच तर लावत आली होती ती. पण बोटं हलेनात.

"साहेब, ते खोटं होईल. अॅलर्जी नाही, हे कुणीतरी विचारून लिहायचं असतं. इथे कुणी विचारलेलंच नाही."

"सिस्टर विचारतील की."

"स्क्रीनवर ‘नाही’ दिसल्यावर कोण कशाला विचारेल? सगळीकडे नीट करायला संध्याकाळ होईल."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग स्क्रीन संध्याकाळपर्यंत सुरू होणार नाही, हे तुम्हीच सांगा सिस्टरांना. माझ्याच्यानं आता आणखी बोलणी खाववत नाहीत."

तिनं फोन लावला. सिस्टर भडकल्याच. "तुमचं काय जातंय तिथे बसून सांगायला? मी काय सगळं हातानं लिहून काढू?"

"हो. आणि औषध देण्याआधी प्रत्येकाला अॅलर्जीचं विचारा."

पलीकडून फोन आदळला.

मग ती शोधत बसली. ‘हे ऑब्जेक्ट आहे का?’ हाच प्रश्न ठिकठिकाणी, ज्यानं त्यानं आपापल्या तऱ्हेनं विचारलेला. कुणी रिकाम्याला विसरला होता, कुणी यादीलाच ऑब्जेक्ट समजला होता. एके ठिकाणी तर समोरच्या वस्तूलाच विचारलं होतं, तुझ्यात हा कप्पा आहे का? वस्तूच नसली की विचारणारी ओळच आडवी. तिनं एकच छोटं फंक्शन लिहिलं, सगळीकडून वापरता येईल असा प्रोग्रॅमचा तुकडा. आधी काही आहे का ते बघायचं, मग ती यादी तर नाही ना ते, आणि मगच ऑब्जेक्ट म्हणायचं. त्याच्या अंगावर काहीही फेकलं तरी त्यानं कोसळायचं नाही. हाताला लागेल ते तिनं फेकून पाहिलं. टिकलं. मग एकेक जुनी ओळ काढून तिथे ते बसवत गेली.

मध्येच नवऱ्याचा फोन आला. "आई विचारतेय, तू कधी येतेस?"

"त्यांचा चहा तूच कर आज."

"आवाज का असा तुझा?"

"काही नाही रे. दमलेय."

संध्याकाळी स्क्रीन सुरू झाली. माहिती नसेल तिथे आता पिवळी पट्टी यायची: ‘माहिती नाही, विचारा.’ थोड्याच वेळात सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, अर्धा वॉर्ड पिवळा करून ठेवलात. सकाळपर्यंत तर यांच्यापुढे ‘अॅलर्जी नाही’ होतं."

"सिस्टर, त्यांनाही कुणी विचारलेलं नव्हतं. रिकामी यादी आली की जुना प्रोग्रॅम आपला ‘नाही’ लिहून मोकळा व्हायचा."

"म्हणजे इतके दिवस..."

"हो."

मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "खिडकीजवळच्या आजोबांना मागे एका इंजेक्शननं घसा सुजून श्वास कोंडला होता. आज डॉक्टरांनी त्यांना तेच लिहून दिलं होतं."

"दिलंत?"

"नाही. दुपारी मी तुमच्या नावानं बोटं मोडत एकेकाला विचारत होते, तेव्हा आजोबा बोलले."

तिनं खुर्चीत मान मागे टाकली. आनंद वगैरे काही झाला नाही.

"बाकीच्यांना विचारून घेते," सिस्टर म्हणाल्या. "पण काम वाढवलंत हं."

"वाढवलं खरं."

दुसऱ्या दिवशी साहेब परत खुर्चीमागे. "हॉस्पिटलचं म्हणणं आहे, पिवळा फार डोळ्यांवर येतो. पट्टी काढता येईल का?"

"रंग बदलते. पट्टी नाही काढणार."

साहेबांनी वाकून स्क्रीनवरच्या पिवळ्या पट्ट्या मोजल्या. "राहू दे, रंगही राहू दे. तुम्ही उद्या सुट्टी घ्या."

"सुट्टी कसली, साहेब? घरी तर डबल ड्यूटी असते."

दोघं हसले, जेवढं हसता आलं तेवढं. मग तिनं दुसऱ्या वॉर्डचा प्रोग्रॅम उघडला. तिथेही तोच प्रश्न होता, वेगळ्याच कुणीतरी, वेगळ्याच तऱ्हेनं चुकीचा विचारलेला.