इबूच्या हातातली दुसरी

मी एक लेखणी बोलतेय. शाईची नाही, बोरूची नाही. टॅबलेटच्या काचेवर रेघा ओढणारी, पोटात बॅटरी असलेली लेखणी. दुकानात मला स्टायलस म्हणायचे. या घरात मला नावच नाही. ‘ते पांढरं कुठं ठेवलंय?’ असं विचारतात. घरात एक दुसरी आहे, तिला मात्र नावानं हाक मारतात. मी तिच्यावर जळते, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी मला कुचक्या मनाची म्हणायला नको. आहेच मी तशी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका मुलीनं मला जोडलं, काचेवर एक रेघ ओढून पाहिली आणि डबीत झोपवलं. सोबत झिजल्यावर बदलायला थोडी जास्तीची टोकं दिली. आहेर म्हणा हवं तर. तेवढ्या आहेरावर मी सासरी आले.

मला आणलं वेनिंगनं. ती जोगजा शहरातल्या एका कपड्यांच्या कंपनीत नक्षीकाम करते. पण मला घेतलं ते स्वतःसाठी नाही, आईसाठी. तिची आई म्हणजे इबू सुमिलाह; आमच्याकडं आईला इबू म्हणतात. इमोगिरीच्या डोंगराखालच्या गावात राहणारी, जन्मभर बातिक केलेली बाई. कापडावर गरम मेणानं नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचं, मेणाखाली रंग चढत नाही, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं, असं ते काम. त्या मेणाच्या धुरानं इबूची छाती भरली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं, “मेणाच्या कढईजवळ पुन्हा बसलात तर माझ्याकडं येऊ नका, थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जा.”

आणि नेमकं त्याच वर्षी वेनिंगचं लग्न ठरलं. बसार महिन्यात करायचं होतं, कारण पुढं सुरा महिना लागला की आमच्याकडं कुणी मांडव घालत नाही. गावातल्या कितीतरी मुली इबूच्या हातचं सिदोमुक्ती नेसून मांडवात बसल्या होत्या. सुखाचे दिवस येवोत म्हणून नवरीला देतात ती नक्षी. आता पोटच्या पोरीची वेळ आली तर हिला कढईजवळ बसायची बंदी.

वेनिंगनं तोड काढली. इबूनं नक्षी टॅबलेटवर काढायची, तिची मोठ्या कागदावर छपाई करायची, कागद कापडाखाली ठेवून पेन्सिलीनं गिरवायचं, आणि मेण शेजारच्या बुदे दार्मीनं घालायचं. बुदे म्हणजे थोरली मावशी. रक्ताची नाही, पण सख्खीपेक्षा जास्त हक्क गाजवणारी.

इबूनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तो दिवस काय सांगू! बोटं राठ, पण पकड अशी अलवार की मला वाटलं, आपण हिच्याचसाठी घडलो. तिनं मला तिरकं धरलं, तोंडाजवळ नेलं आणि माझ्या टोकावर फुंकर मारली.

“इबू, फुंकू नका!” वेनिंग ओरडली.

“तोटी तुंबली असेल तर?”

“हिला तोटी नाही.”

मग इबूनं मला काचेपासून केसभर वर धरून फिरवलं. काहीच उमटलं नाही.

“हिच्यातून काही येत नाही गं.”

“टेकवा ना तिला. टेकवलं तरच उमटतं.”

“टेकवलं तर कापड खराब होतं.”

“कापड नाही हो, काच आहे ही.”

“मग फुटेल की!”

तेव्हा मला कळलं, हा हात कोरा नाही. या हाताला दुसरीची सवय आहे. ती दुसरी स्वयंपाकघराच्या फळीवर एका पेल्यात उभी होती. चांतिंग तिचं नाव. तांब्याची इवलीशी वाटी, तिला बारीक तोटी, मागं बांबूचा दांडा. वाटीत वितळलेलं मेण घेतात, फुंकरीनं तोटी मोकळी करतात आणि कापडाला लागेल न लागेल अशी फिरवतात. इबूच्या आईपासून घरात असलेली. दांड्यावर अंगठ्याचा खळगा पडलेला. मी मनात म्हटलं, ही थोरली सवत. हिच्यापुढं माझं कसं व्हायचं?

पण मीही काही कमी नव्हते. इबू टेकवायला शिकली. दोन बोटांनी फूल मोठं करायला शिकली, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, “अगं, हे तर ताटाएवढं झालं!” रेघ चुकली तर काचेवर टकटक केलं की रेघ गायब. ते पाहून ती लहान मुलीसारखी हसली. “मेणानं मला असं कधी माफ केलं नाही,” म्हणाली. मी फळीकडं पाहिलं आणि मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या.

माझं सुख फार टिकलं नाही. रोज सकाळी इबू कढत गोड चहा घेऊन फळीपाशी जायची आणि थोरलीची वाटी अंगठ्यानं पुसायची. काम नाही, मेण नाही, तरी पुसायची. मला चार्जिंगला लावायची आठवण वेनिंगला करून द्यावी लागायची. माझं टोक सैल झालं, काच तेलकट झाली, यातलं तिला काही उमगायचं नाही. तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळलेल्या हातानं तशीच मला उचलायची. थोरलीला उचलताना मात्र आधी हात नेसत्या कापडाला पुसायची. कशी जळणार नाही मी?

काठ सोडून बाकी नक्षी पुरी झाली, छापली, कापडावर गिरवली गेली. मग एक नवीनच सुरू झालं. वेनिंग कामाला गेली की इबू टॅबलेट आणि मला काखोटीला मारायची, थोरलीला ब्लाउजमध्ये खोचायची आणि बुदे दार्मीकडं जायची. “नक्षी दाखवायला जाते,” असं शेजाऱ्यांना सांगायची. कापड तिथं बांबूच्या चौकटीवर टांगलेलं असायचं. मला चटईवर टाकायची. आणि स्वतः कढईसमोर बसायची.

मी सगळं पाहत होते. तीच बोटं, तोच श्वास, पण केवढा फरक! थोरली हातात आली की इबूचा खांदा सैल व्हायचा. तोटीवर फुंकर मारायची, खोकायची, डोळे पुसायची, पुन्हा फुंकर मारायची. कापडावर सोनेरी रेघ अशी उतरायची की खोटं का बोलू, मलाही पाहत राहावंसं वाटायचं. त्यानं तर माझा आणखीच तिळपापड व्हायचा.

“सुमी, पुरे कर,” बुदे दार्मी म्हणायची. “तुझ्या पोरीला कळलं तर ती माझं घर डोक्यावर घेईल.”

“एवढं पान होऊ दे.”

“मघाशीही पानच म्हणालीस.”

“मग दुसरं पान आहे. झाडाला एकच पान असतं काय, यू?” बुदेला ती यू म्हणायची, म्हणजे ताई.

मधूनच कापडावरची रेघ नक्षीशी ताडून बघायला मला उचलायची. बोटांना कोमट मेण तसंच. थोरलीची तोटी चिमटीत धरून साफ करायची सवय, तशीच माझी मान चिमटीत धरून चोळायची. ते मेण माझ्या टोकाच्या कडेनं आत उतरलं. सवतीचं उष्टं माझ्या गळ्यात. याहून मोठा अपमान कुठला?

हळूहळू माझं टोक अडकायला लागलं. इबूनं मला उचललं तरी मी काचेवर रेघ ओढतच राही. फुलाच्या मधून शेपट्या फुटायच्या. कापडाच्या काठाची नक्षी अजून काढायची बाकी होती.

“हिची तोटी गळतेय,” इबूनं लेकीला सांगितलं.

वेनिंग सुट्टीच्या दिवशी मला घेऊन अंगणात बसली. आधी पोटभर चार्ज केलं. टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला. आमची दोघांची जोडणी तोडली आणि नव्यानं जुळवली. काच मऊ ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. शेपट्या काही जाईनात. “बहुतेक खराबच आली ही. परत करते,” ती पुटपुटली. मला परत पाठवणार? आणि ती फळीवर राहणार?

शेवटचा उपाय म्हणून तिनं माझं टोक फिरवून काढलं. आत पिवळट तपकिरी कडं होतं. तिनं नखानं टोकरलं, नाकाशी नेलं. तिचा चेहरा बदलला.

“इबू, हे मेण आहे.”

“कुठलं मेण?”

“वास घ्या.”

इबूनं वास घेतला नाही. चहाचा पेला खाली ठेवला. “यू दार्मीकडं गेले होते. तिथलं लागलं असेल.”

“टोकाच्या आत? तुमच्या बोटांना मेण असल्याशिवाय?”

“एक कोपरा काढला फक्त.”

“एक?”

“दोन.”

कुंपणापलीकडं बुदे दार्मी कपडे वाळत घालत होती. तिला राहवलं नाही. “अगं, निम्म्याहून जास्त कापड तिनंच काढलंय! मी आपली नुसती कढई ढवळते. आता रागवायचं तर तिला रागव, मला नको.”

मला वाटलं होतं, थोरलीचं पितळ उघडं पडलं की मी नाचेन. पण वेनिंग ओरडली नाही. ती मांडीवर टॅबलेट घेऊन तशीच रडायला लागली.

“मला कापड नको, इबू. मी बाजारातलं नेसेन. मला मांडवात तुम्ही हव्या आहात. धाप न लागता बसलेल्या.”

“गावातल्या सगळ्या पोरींना मी माझी फुंकर दिली,” इबू म्हणाली. “आणि माझ्या पोरीला काय देऊ? छापलेला कागद?” मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “हे पांढरं चांगलंय गं. गुणी आहे. पण त्याच्यात माझा जीव उतरत नाही.”

गुणी! पाहुण्याला म्हणतात तसं गुणी. त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं तेवढं मेणानंही लागलं नव्हतं.

वेनिंगनं टॅबलेट बाजूला ठेवला. मग तिनं डोळे पुसले, फळीवरून थोरलीला काढलं आणि म्हणाली, “मग मला शिकवा. उरलेलं मी काढते.”

“तू? लहानपणी मेणाचा वास आला की डोंगरात पळायचीस.”

“आता नाही पळत.”

तिनं माझं टोक टाकून दिलं, मान स्वच्छ पुसली आणि डबीतलं नवं टोक बसवलं. मी बरी झाले. आणि त्याच दिवसापासून नव्यानं जळायला लागले.

आता चौकट आमच्या अंगणात आली. कढईपाशी वेनिंग आणि थोरली. लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला, बुटक्या स्टुलावर इबू आणि मी. वारा फिरला की इबूनं स्टूल उचलून दुसरीकडं जायचं, हा लेकीचा हुकूम. इबू माझ्यानं एकेक पान ताटाएवढं करून काढायची आणि टॅबलेट उंच धरून ओरडायची, “हे बघ, इथून वळव! देठाशी थांबू नको, थांबलीस की थेंब पडतो!”

आणि थेंब पडलाच. काठाच्या जवळ चांगला वाटाण्याएवढा.

“इबू, पडला!”

“पडू दे. पुसू नकोस, पसरेल. पुढं चल.”

माझ्या रेघेत अशी चूक झाली असती तर टकटक केलं की झालं असतं. मी मनातून खूश झाले. पण इबूकडं पाहिलं तर ती त्या थेंबाकडं असं बघत होती, जसं कुणी रांगत्या मुलाकडं बघावं. मी काढलेल्या एवढ्या सरळ रेघांकडं तिनं कधी तसं पाहिलं नाही. हात माझ्यावर होता. डोळे सगळे थोरलीवर.

लग्न बसारमध्येच झालं. मला टॅबलेटसकट पिशवीत घालून मांडवात नेलं होतं, फोटो काढायला. तपकिरी कापडावर थेंबाचा फिका ठिपका वेनिंगच्या गुडघ्याजवळ दिसत होता. नवऱ्याकडच्या एका बाईंनी वाकून विचारलं, “हा डाग कसला हो?”

“डाग नाही,” इबू म्हणाली. “माझ्या लेकीची सही आहे.”

“आणि बाकी कापड?”

“बाकी नक्षी माझी.”

ती सरळ बसली होती. धाप नव्हती, खोकला नव्हता. मांडवात कुणी माझं नाव घेतलं नाही, पण थोरलीचंही घेतलं नाही. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी सारख्या झालो, आणि मला अंमळ बरं वाटलं.

लग्नानंतर वेनिंग नवऱ्याबरोबर सुराबायाला गेली. निघताना इबूनं थोरलीला मऊ कापडात गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. “माझ्या आईनं मला दिली, तशी,” एवढंच म्हणाली. मी डबीतून ऐकलं. जिंकले! घर माझं, हात माझा, इबू माझी.

दुसऱ्या दिवशी इबू चहा घेऊन फळीपाशी गेली. रिकाम्या पेल्याच्या काठावरून तिनं अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. माझा आनंद चहा निवेपर्यंतही टिकला नाही.

आता मी इबूजवळच असते. रोज ती नवी नक्षी काढते आणि सुराबायाला पाठवते. वेनिंग सुट्टीच्या दिवशी खिडक्या उघड्या टाकून मेण घालते आणि फोटो पाठवते. फोटोच्या कोपऱ्यात थोरली असतेच, वाटी चमकवत, मुद्दाम मध्ये आल्यासारखी. इबू दोन बोटांनी फोटो मोठा करते. आधी लेकीची रेघ बघते, मग थोरलीला. तोवर मी बाजूला पडून असते, धुमसत. मग ती चष्मा सारखा करते आणि मला उचलते. तेव्हा मी सगळं विसरते.

इबूची छाती आता बरी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, धुरापासून अशीच लांब राहिली तर पुष्कळ वर्षं काढेल. ती सगळी वर्षं मला हवी आहेत. म्हणून तुम्हाला एक विनंती. या घरी कधी आलात तर मला उन्हात राहू देऊ नका, माझं टोक घट्ट आहे ना बघा, झिजलं असेल तर बदला, काच पुसून द्या. इबूला यातलं काही लक्षात राहत नाही. आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी मी बंद पडलेच, तर खुशाल नवी आणून तिच्या हातात द्या. तिचं काम थांबायला नको.

फक्त सुराबायाला कळवू नका. थोरली तिकडं खूश होईल.