जगातले सात पाठमोरे

चष्म्याच्या दुकानावर आडनाव लिहायचं आणि ते आडनाव 'पाठमोरे' असायचं, म्हणजे लोकांच्या हातात आयतं कोलीत देणं. "पाठमोरे चष्मे! मागचं दिसतं का हो ह्यातून?" हा विनोद दुकानदार तरुणपणापासून ऐकत आले होते, आणि सांगणारा प्रत्येक जण तो असा सांगे, जणू आत्ताच त्याला सुचलाय. दुकानदार हसत. मग नंबर तपासताना त्या माणसाला तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत. सूड म्हणाल तर एवढाच.

बाकी माणूस सरळ. खाली दुकान, वर घर. घरात बायको, एकुलती एक मुलगी आणि वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं आणि आता त्यांना ऐकू कमी येई. विशेषतः ऐकायचं नसेल तेव्हा.

एका संध्याकाळी चहा पिता पिता मुलीने मोबाईलवर कुठल्याशा साइटवर घरचं आडनाव टाकून पाहिलं.

"बाबा, जगात पाठमोरे किती असतील?"

"असतील पाच-सात हजार."

"सात."

"तेच म्हणतोय मी, सात हजार."

"हजार नाही हो. नुसते सात. त्यातले चार आपल्याच घरात."

दुकानदारांनी कप खाली ठेवला. आयुष्यभर बुटातल्या खड्यासारखं टोचलेलं आडनाव बघता बघता अंगठीतला खडा झालं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"अगं, ऐकलंस का? वाघसुद्धा आपल्यापेक्षा जास्त आहेत!"

"वाघ ओला टॉवेल पलंगावर टाकत नाहीत," बायको म्हणाली.

पण आता कोण ऐकतंय! दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावून पाटीवर 'पाठमोरे चष्मे'च्या खाली लाल अक्षरांत लिहून घेतलं: 'जगात फक्त सात'. एका बाईंनी दुकानात येऊन बाकीच्या सहा शाखा कुठे आहेत, अशी चौकशी केली. गल्लीने त्यांना 'सातवे' म्हणायला सुरुवात केली. दुकानदारांना हा किताबच वाटला.

आता राहिला अर्थाचा प्रश्न. आडनाव दुर्मीळ आहे हे ठीक, पण मुळात पडलं कशावरून? पाठ दाखवणे म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दुकानदारांना ह्या विचाराने दरदरून घाम फुटे. शेवटी कोणीतरी एका निवृत्त प्राध्यापकांचं नाव सुचवलं. ते आडनावांची मुळं शोधून देत.

प्राध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली आणि शर्टाचं कापड दाखवायला काढावं तशा थाटात विचारलं, "कसं हवंय?"

"काय कसं?"

"मूळ हो. राजाश्रयाचं, रणांगणाचं की वैराग्याचं? वैराग्याला सध्या उठाव नाही."

"रणांगणाचं चालेल. फक्त पळालेलं नको."

"छे छे! पळालेलं आमच्याकडे येतच नाही. इतकी घराणी तपासली, एकाचाही पूर्वज पळाला नाही. मग लढाया हरलं कोण, हेच कोडं मला सुटत नाही." प्राध्यापकांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. "लिहून घ्या. तुमचे मूळपुरुष राजाचे अंगरक्षक. राजाकडे पाठ करून उभे. आता ज्याची पाठ राजाकडे, त्याचं तोंड कुणाकडे? शत्रूकडे! म्हणून पाठमोरे."

दुकानदारांचे डोळे भरून आले. मानधन म्हणून प्राध्यापकांना त्यांनी दुकानातली सर्वांत भारी सोनेरी काड्यांची फ्रेम बसवून दिली.

बायकोने हा इतिहास भाजी निवडता निवडता ऐकला. "म्हणजे जन्मभर राजाचं तोंडच पाहिलं नाही? मग मागे राजाच उभा होता कशावरून?"

असल्या प्रश्नांना थोर माणसं उत्तरं देत नाहीत. दुकानदार लागले संमेलनाच्या तयारीला. 'अखिल जागतिक पाठमोरे कुलपरिषद' स्थापन झाली. घरातले चार सोडून उरलेल्या तिघांना आमंत्रणं गेली. त्यातला एक सख्खा चुलतभाऊ, वयाने थोरला. एका मयताच्या वेळी पुढे कोणी उभं राहायचं ह्यावरून दोघांचं फाटलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा एक सलूनवाला, आणि तिसरी त्याची आई. पदांचं वाटपही आधीच झालं. अध्यक्ष स्वतः, उपाध्यक्ष चुलतभाऊ, चिटणीस मुलगी, संरक्षक आत्या, संघटक सलूनवाला, सल्लागार त्याची आई. बायकोकडे भोजनव्यवस्था, कारण ती तशीही तिच्याकडेच होती. नुसता सभासद म्हणून कोणीच उरलं नाही.

रविवारी दुपारी वरच्या दिवाणखान्यात फलक लागला. चुलतभाऊ आला तो थेट खुर्चीत बसला आणि छताकडे बघत राहिला. सलूनवाला चाळिशीतला, हसतमुख माणूस. आईचे गुडघे धरलेत म्हणून तो एकटाच आला होता. आल्या आल्या त्याने सगळ्यांच्या डोक्यांवरून एक नजर फिरवली, धंद्याची सवय.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. राजा झाला, शत्रू झाला, भाला झाला. पूर्वजांच्या पाठीचं वर्णन चालू असताना चुलतभाऊ छताला उद्देशून म्हणाला, "अंगरक्षक म्हणे! आमच्या वडिलांनी सांगितलंय, पळाले होते. चांगले नदी ओलांडून पळाले."

"तुमचे वडील सांगणारच! त्यांना सगळ्यात वाईटच दिसायचं!"

"तुमचा चष्मा नव्हता ना त्यांच्याकडे!"

"अरे, गप्प बसा दोघं," आत्या म्हणाल्या. त्यांना आज चांगलंच ऐकू येत होतं. "कसला राजा आणि कसली नदी? माझे आजोबा रुसायचे."

अध्यक्षांच्या हातातला भाषणाचा कागद खाली आला.

"रुसायचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"भयंकर. आजी जरा काही बोलली की भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोन-दोन दिवस. कोणी दारात येऊन विचारलं, 'आहेत का घरात?' की आजी म्हणायची, 'आहेत, पण पाठमोरे.' गावभर तेच नाव झालं. माझ्या वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तेच लिहून टाकलं. त्याआधी आडनाव होतं कुणाला आपल्यात?"

चुलतभावाने खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "हे मी ऐकून घेणार नाही," तो भिंतीला म्हणाला.

"आणि मी काय ऐकून घेणार आहे?" म्हणत अध्यक्षांनीही खुर्ची दुसऱ्या भिंतीकडे फिरवली.

मुलगी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली.

सलूनवाल्याला वाटलं, आपण पाहुणे, काहीतरी सारवासारव करावी. "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका," तो दुकानदारांच्या पाठीला म्हणाला. "आमच्याकडे तर हे आडनाव उसनंच आहे. आमचे आजोबा लहानपणीच पोरके झाले. ज्या घरात वाढले, त्या घरातल्यांचं आडनाव लावलं. ते लोक कोण, कुठले, काही माहीत नाही. पण दोन वेळचं जेवू घातलं त्यांनी, म्हणून आजोबांनी बदललं नाही."

दुकानदारांची खुर्ची गर्रकन फिरली. चुलतभावाचीही. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदाच बघितलं.

"म्हणजे रक्ताचे नाहीत," चुलतभाऊ म्हणाला.

"तसं बघायला गेलं तर नाहीत," दुकानदार म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढलं. "म्हणजे हे आणि ह्यांच्या मातोश्री वजा. म्हणजे जगात पाठमोरे फक्त पाच!"

पाच म्हणजे सातापेक्षा किती दुर्मीळ! पाटी बदलावी लागेल, पण हरकत नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत ती पुढे आली. "अहो, रक्ताचंच बघायचं ना? मग मीही वजा. मी लग्न करून आले. राहिले चार."

"अगं, तुझं वेगळं..."

"थांबा, मला हिशेब करू द्या. मुलगी लग्न करून जाणार, असं तुम्हीच रोज रडता. ती वजा, तीन. आत्या, तुमचं काय?"

"माझं काय, आज आहे उद्या नाही," आत्या मजेत म्हणाल्या. "धर दोन."

"आणि भाऊजींशी तुमचं बोलणं नाही. ते उपाध्यक्षपद काही घेत नाहीत. राहिले तुम्ही. आता तुम्हीच अध्यक्ष, तुम्हीच चिटणीस. भाषण करा आणि मग पलीकडच्या खुर्चीत जाऊन टाळ्या वाजवा." ती सलूनवाल्याकडे वळली. "भाऊ, चला जेवायला. पानं वाढलीत. भाऊजी, तुम्हीही चला. रुसायचं ते जेवून रुसा."

चुलतभाऊ क्षणभर घुटमळला. पण स्वयंपाकघरातून वास येत होता, आणि एकटा राहणारा माणूस रविवारी काय जेवत असेल, ते त्याचं त्यालाच माहीत. तो गेला.

दिवाणखान्यात फलक, रिकाम्या खुर्च्या आणि अध्यक्ष. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. मग आत्यांचा आवाज, मग सगळ्यांचं हसणं. पणजोबांचे किस्से चालले असावेत. दुकानदारांना ऐकायचे होते, पण उठून जायचं कसं? ते भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. पणजोबा दोन दिवस कसे काढत असतील, ह्याचं त्यांना नवल वाटलं. आपल्याला तर पाव तासात कंटाळा आला. आणि पणजोबांना जेवायला कोण बोलवत असेल, असंही मनात आलं.

तेवढ्यात सलूनवाला बाहेर आला. "साहेब, तुमच्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीये."

"तुम्हाला राग नाही आला?" दुकानदारांनी खाली मान घालून विचारलं.

"आला ना. पण माझ्या धंद्यात राग खिशात ठेवावा लागतो. हातात वस्तरा असतो." तो हसला. "आणि खरं सांगू का? तुमचं आमंत्रण आलं तेव्हा आईने शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवलं. आम्हाला कधी कोणी नातेवाईक म्हणून बोलावलंच नव्हतं. आता घरी जाऊन तिला सांगू काय, की आपण वजा झालो?"

दुकानदार उठले. त्यांनी सलूनवाल्याचा हात धरला आणि तसाच धरून आत गेले. बायकोने पान पुढे सरकवलं.

जेवणं उरकता उरकता मुलीने घसा साफ केला. "बाबा, सगळे आहेत तोवर एक सांगून टाकते. लग्नानंतर मी आडनाव बदलणार नाही. आणि तोही आपलंच लावायचं म्हणतोय."

तो म्हणजे होणारा जावई, तिच्याच ऑफिसातला. त्याचं आडनाव इतकं साधारण, की त्यांच्या एका मजल्यावर त्याच आडनावाचे अकरा जण होते, आणि त्यातल्या तिघांचं नावही तेच. एकदा त्याच्याऐवजी भलत्याचीच बदली झाली आणि तो बिचारा गेलासुद्धा.

"त्याला म्हणे एकदा तरी हाक मारल्यावर एकट्यालाच वळून बघायचंय," मुलगी म्हणाली.

दुकानदारांचा घास हातातच राहिला. कालपर्यंत 'आमचं आडनाव बुडालं' म्हणून ते उसासे टाकत होते. आता तरायची वेळ आली तर म्हणाले, "असं कसं? आडनाव काय चप्पल आहे, आवडली म्हणून पायात घातली? आणि तो धरून झाले आठ, उद्या तुम्हाला दोन मुलं झाली, तर नऊ... दहा... मग दुर्मीळ ते काय राहिलं?"

चुलतभाऊ, सलूनवाला, आत्या, बायको, सगळे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. दुकानदारांनी एकेकाचा चेहरा पाहिला. मग स्वतःच्याच वाक्याचा त्यांना अर्थ लागला असावा, कारण ते आधी ओशाळले आणि मग इतके हसले की ठसका लागला, आणि चुलतभावाने उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. जरा जोरातच मारल्या, पण मारल्या.

परिषदेचं दुसरं अधिवेशन काही भरलं नाही. फलकाच्या कापडाची बायकोने शिलाई मशीनवर घालायला खोळ शिवली. चुलतभाऊ दर रविवारी जेवायला येऊ लागला. बोलणं अजून छताशीच, पण 'मीठ द्या' एवढं तो थेट म्हणे. सलूनवाल्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर दुकानदारांनी तिच्या घरी जाऊन नंबर तपासला. तक्त्याची खालची ओळ तिने धडाधड वाचली आणि वर म्हणाली, "तुमचं नाक अगदी माझ्या दिरासारखं आहे." दुकानदारांनी मान डोलावली.

लग्नाच्या नोंदणीच्या आदल्या दिवशी जावई दुकानात आला. बाहेर उभा राहून चपला काढाव्यात की नको, असा घोटाळत होता.

"काका, एक काम होतं. उद्यापासून नवी सही करायची. तुमची जरा बघू का?"

दुकानदारांनी काउंटरवरच्या फ्रेम बाजूला सारल्या, काचा पुसायचा कागद पुढ्यात ओढला आणि पेन उघडलं. एकदा सही करून दाखवली. जावयाने खाली तशीच काढायचा प्रयत्न केला.

"हं. बरी आहे. पण हा ठ बघ, मध्येच थांबला. लोक पाटमोरे वाचतील. पूर्ण गोल फिरव. घाबरू नकोस, हात मोकळा सोड."

जावयाने पुन्हा केली. पुन्हा चुकली. गिऱ्हाईक आलं तर दुकानदारांनी त्याला हातानेच बसायची खूण केली आणि दुसरा कागद काढला.