दुसऱ्या रात्रीचं कोडं

निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागेला लागूनच ललित आणि मंजुषानं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. मुंबई-पुण्याची माणसं यायची, द्राक्षं तोडायची, फोटो काढायची, ‘काय मस्त जागा आहे हो’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पसार! दुसरी रात्र म्हणून कुणी राहीना. शेवटी ललितनं नवरेपणाच्या तोऱ्यात सुनावलं, “या महिन्यात कुणी दोन रात्री राहिलं तर ठीक, नाहीतर खोल्यांत खताच्या गोण्या लावतो.”

मंजुषाला ते कोडं स्वस्थ बसू देईना. तिनं गाद्या बदलल्या, वायफाय बसवलं, ठेच्यातल्या मिरच्या कमी केल्या. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला मागच्या शेडला बांधलं, बिचाऱ्याचा काय दोष! जाणाऱ्या प्रत्येकाला ती खोदून खोदून विचारायची आणि प्रत्येक जण हसून सांगायचा, सगळं छान होतं.

सासू झुंबरबाईंचं एकच पालुपद, “आजकाल कुणाला थांबायला येळ हाय? माझी पोटची तेजस्विनी कळवणहून येती, तीबी एका रात्रीत पळती.”

महिना संपत आला तेव्हा पुण्याच्या वत्सलाबाई नवऱ्याबरोबर आल्या. संध्याकाळचा चहा झाला, तसा झुंबरबाईंनी नेहमीसारखा पाट मांडला आणि खणा-नारळानं त्यांची ओटी भरली. सकाळच्या गडबडीत राहून जायला नको, म्हणून त्या हे आल्या दिवशीच उरकून घेत. मग शिदोरीच्या दशम्यांचं पीठ मळायला बसल्या.

वत्सलाबाई नारळ सावरत म्हणाल्या, “तीन दिवस राहायचं ठरवून आलो होतो. आता उद्याच निघतो.”

“अहो, पण का?” मंजुषा जवळजवळ ओरडलीच.

“ओटी भरून झाली की गं! आता थांबलं तर बरं दिसतं का?”

मंजुषानं कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! ज्यांना रीत ठाऊक ते ओटीमुळे उठले, ज्यांना नाही ते सकाळी हातात पडलेल्या शिदोरीमुळे. इतके दिवस सासूबाई अगदी मायेनं माणसं वाटेला लावत होत्या.

झुंबरबाईंचे हात परातीतच थांबले. मग त्या ठसक्यात म्हणाल्या, “बाई, ही तुमची येण्याची ओटी. जाण्याची तीन दिसांनी भरते. बसा गुमान!”

वत्सलाबाई खळखळून हसल्या आणि राहिल्या. गोण्या शेडमध्येच राहिल्या.

झुंबरबाई मात्र परात पुढ्यात घेऊन तशाच बसून होत्या. डोळे भरून आले होते.

“मंजे, तेजीचीबी मी आल्या आल्याच भरती गं,” त्या म्हणाल्या. “लाव तिला फोन. म्हणावं, ये. आईनं नारळ आणलाच नाय.”