चौथी बॅटरी

खंडेराव एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. अर्धवट काम त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पंखा बसवला. बायकोला, उज्वलाला घेऊन कन्याकुमारीपर्यंत जायचा बेत होता. गाडी रंगून पंचवटीतल्या घरासमोर उभी राहिली त्याच महिन्यात उज्वलाच्या फुप्फुसांचा आजार कळला. वर्षभरात तिला ऑक्सिजनचं मशीन लागलं. ते बंद झालं की अर्ध्या तासात तिचे ओठ निळे पडायचे.

"कन्याकुमारी राहू द्या," ती एकदा म्हणाली. "मला सायखेड्याला आईकडे न्या. चार दिवस राहू."

तिची आई, कुसाबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. माय-लेकींची चौदा महिने गाठ नव्हती. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर जाऊन, तासभर भेटून परतता आलं असतं, पण तिला आईजवळ राहायचं होतं, आणि गावातल्या विजेचा काय भरवसा? तेव्हा गाडीतच चार लिथियम बॅटऱ्या बसवून त्यांवर मशीन चालवायचं आणि रात्री तिला गाडीतच झोपवायचं खंडेरावांनी ठरवलं.

बॅटऱ्या आल्या. मीटर लावून पाहिलं तर एकीत चार्ज जास्त, दुसरीत कमी. अशा कमी-जास्त भरलेल्या एकमेकींना जोडल्या तर भरलेलीतून रिकामीत एकदम करंट धावतो, वायर तापते. आधी प्रत्येक वेगळी पूर्ण भरायची, मगच जोडायच्या. घरचा चार्जर लहान, एकेका बॅटरीला जवळजवळ अख्खा दिवस लागे.

गुरुवारी दुसरी भरली. खंडेराव जाड वायरींच्या टोकांना तांब्याचे लग दाबून बसवत होते. उज्वला दारात खुर्चीवर बसून बघत होती.

"अहो, दोन झाल्या ना? दोनवरच जाऊ या."

"दोन बॅटऱ्यांवर मशीन सहा तास चालेल. रात्री वीज गेली तर?"

"जाईल तेव्हा बघू."

"असं नसतं, उज्वला. रविवारी निघू. सगळं नीट करून."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आईला भाकरी चावते का हो आता?" खंडेरावांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी चौथी बॅटरी चार्जरला लावून ते हात धुवायला गेले. परत आले तेव्हा उज्वलाचा श्वास लागला होता. मशीन चालू होतं, नळी जागेवर होती, काहीच बिघडलेलं नव्हतं. रुग्णवाहिका आली, पण वाटेतच ती गेली.

तेराव्यानंतर खंडेराव पुन्हा गाडीत शिरले. चारही बॅटऱ्या जोडल्या, मेन फ्यूज बसवला, पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. ते बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग गाडी चालू करून चांदोरीवरून सायखेड्याला गेले.

कुसाबाई ओसरीवर खाटेवर होत्या. खंडेराव जवळ जमिनीवर बसले.

"आई, एक सांगायचंय. गुरुवारी ती म्हणाली होती, आत्ताच जाऊ. मी थांबवलं. बॅटऱ्या भरायच्या होत्या."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. "आणायला पायजे होतं, जावईबापू."

"हो."

"मी लय वाट पाह्यली."

खंडेरावांनी मान खाली घातली.

मग म्हातारी म्हणाली, "ती झोपणार होती कुठं, दावा मला."

शेजारच्या चौघांनी खाट उचलून गाडीपाशी आणली आणि तिला अलगद आतल्या पलंगावर निजवलं. खंडेरावांनी पंखा लावला. कुसाबाईंनी गादीवरून हात फिरवला, उशी चाचपली. मग तोंड भिंतीकडे करून रडायला लागल्या. खंडेराव गाडीच्या पायरीवर पाठ करून बसले. गेले तेरा दिवस ते चारचौघांत कोरड्या डोळ्यांनी वावरले होते. आता तेही रडले.

ऊन कलल्यावर आतून हाक आली. "जावईबापू, हात द्या. बसतं करा मला."

त्यांनी तिच्या पाठीमागे उशी लावली, काखेत हात घालून सावकाश बसवलं. खिडकीतून गोदावरी दिसत होती. "चहा ठेवता का?" म्हातारीने विचारलं. खंडेराव ओट्याकडे वळले.