खाडाखोड नसलेले रजिस्टर

सरकारी कचेरीत ज्याला कधी काम पडले आहे, त्याने एक वाक्य नक्की ऐकलेले असते : "आमच्या रजिस्टरात तसं नाही." १९२९ सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, सोलापूरच्या एका कचेरीत जोतीराम महिपती याने ते तिसऱ्यांदा ऐकले.

जोतीराम करमाळ्याकडचा शेतकरी. महायुद्धात तो समुद्रापलीकडे बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. तिथे तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याचा डावा डोळा गेला. दहा वर्षे त्याने एका डोळ्यावर शेती केली. पण दिवाळीपासून तो निकामी डोळा सुजू लागला आणि महिन्याभरात चांगल्या उजव्या डोळ्यालाही लाली येऊन अंधूक दिसू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की डावा डोळा लवकर काढला नाही तर त्याच्यापायी उजवाही जाईल. पुण्याच्या लष्करी इस्पितळात शस्त्रक्रिया होईल, मात्र जखम लढाईतली असल्याचा दाखला हवा. जोतीरामचा स्वतःचा कागद घराला आग लागली तेव्हा जळाला होता. त्याची पलटण युद्धानंतर मोडली होती. उरले होते ते या कचेरीचे रजिस्टर.

कारकून वीरभद्रप्पांनी रजिस्टर उघडले, लाकडी पट्टी ओळीखाली धरली आणि वाचले, "जोतीराम महिपती. शेरा : डेपोतून तीन महिन्यांत परत, नाकाबिल. म्हणजे लष्कराला अपात्र."

"नाकाबिल त्यो माजा चुलतभाऊ जी," जोतीराम म्हणाला. "त्यो बी जोतीरामच. आज्याचं नाव दोगांनाबी ठिवलंय."

"घरात एकाच नावाचे दोघे?"

जोतीरामची बायको गोजरबाई दाराशी उभी होती. ती पदर सारखा करून म्हणाली, "घरात कोन घेतंय ते नाव? आजेसासऱ्याचं नाव हाय, सुनांनी घ्यायचं न्हाई. एकाला आबा म्हनत्यात, एकाला दाजी. जोतीराम निस्तं सरकारालाच ठावं."

"जोतीराम रामहरी वरच्याच ओळीत आहे. त्याचाही शेरा नाकाबिल."

"मंग दोगंबी नाकाबिल? अन् ह्यो डोळा काय कोंबड्यानं टोचला?"

"गप गं," जोतीराम म्हणाला. मग तो टेबलाजवळ सरकला. "रावसाहेब, माजा लंबर बगा. अठ्ठावीसशे सतरा. रोज सकाळी वरडून सांगाय लागायचा. मराया टेकलो तरी इसरनार न्हाय."

वीरभद्रप्पांनी पाहिले. त्या ओळीत नंबर अठ्ठावीसशे सतराच होता. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "मूळ यादी बघतो. दुपारी या," ते म्हणाले.

पलटणीकडून आलेल्या मूळ याद्या लाल रुमालात बांधून वरच्या फळीवर ठेवलेल्या होत्या. नऊ वर्षांत तो रुमाल कुणी सोडला नव्हता. वीरभद्रप्पांनी धूळ झटकली, गाठ सोडली आणि यादी उलगडली. तेरावी ओळ : जोतीराम रामहरी, नाकाबिल. चौदावी ओळ : जोतीराम महिपती, बसऱ्याजवळ जखमी, डावा डोळा निकामी.

रजिस्टरातले अक्षर त्यांचे स्वतःचे होते. नकल करताना जोतीराम हे नाव दुसऱ्यांदा दिसले आणि त्यांनी आधीच्याच जोतीरामचा शेरा पुन्हा उतरवला होता.

त्यांनी यादी घाईने गुंडाळली. पाण्याच्या माठाकडे गेले, पाणी न पिताच परतले. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. साहेब बदलत, पण प्रत्येक नवा साहेब ती पाने उलटून म्हणे, "वा, वीरभद्रप्पा." सोमवारी तपासणी होती आणि हेडक्लार्कची जागा रिकामी होती. आज पान खोडायचे म्हणजे ती जागा आपल्या हाताने दुसऱ्याला द्यायची.

दुपारी जोतीराम आला तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "रुमाल सापडत नाही. बुधवारी या."

"डाक्टर म्हनला, येकेक दीस मोजा," गोजरबाई म्हणाली.

"सरकारी काम आहे, बाई. आपल्या मनासारखं होत नाही."

जोतीरामने बायकोचा हात धरला. पायरी कुठे आहे ते त्याला दिसत नव्हते. "चल. रावसाहेबांचा बी नाइलाज आसंल. धर्मशाळेत ऱ्हाऊ बुधवारपत्तुर," तो म्हणाला.

त्याने शिवी दिली असती तर वीरभद्रप्पांना बरे वाटले असते.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. घरी येऊन ते बसले, उठले, अंगणात गेले, परत आले. त्यांची मुलगी हेमावती सुपात ज्वारी निवडत होती. ती पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकली होती आणि मुलींच्या शाळेत गणित व शास्त्र शिकवत होती.

"अप्पा, काय हरवलं?"

"काही नाही. आमच्याकडे एका कारकुनाची जुनी चूक सापडली आहे."

"त्या कामाला तुम्ही एकटेच आहात की," हेमावती खडे वेचत म्हणाली.

वीरभद्रप्पा खाली बसले आणि त्यांनी सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "मी नाही म्हटलेलं नाही. बुधवारी देईन. तपासणी होऊन जाऊ दे. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"कुणाच्या डोळ्याचे सहा दिवस?"



हेमावतीने सूप बाजूला ठेवले. "अप्पा, कॉलेजात पहिल्या दिवशी आमच्या प्राध्यापकांनी प्रयोगाच्या वह्या दिल्या आणि सगळ्यांचे खोडरबर काढून घेतले. मोजमाप चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी, की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. माझी पहिली वही अगदी स्वच्छ होती. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी ती परत केली आणि विचारलं, यातलं किती लपवलंस?"

"ती वही मुलींची. हे सरकारी रजिस्टर आहे."

"वहीत चूक राहिली तर माझे दोन गुण जात. रजिस्टरात राहिली तर माणसाचा डोळा जातो. मग जास्त काळजी कुठे घ्यायची?" तिच्या कपाळावर आठी पडली. "एक सांगा. जोतीरामच्या ओळीत तुम्ही आधीच्याचा शेरा लिहिलात. मग जोतीरामचा शेरा कुठे गेला?"

"म्हणजे?"

"आधी नावं लिहून मग यादीतून तुम्ही शेरे एकाखाली एक उतरवत होतात ना? एक शेरा दोनदा लिहिला गेला, तर त्याच्या पुढचा प्रत्येक शेरा एकेक ओळ खाली सरकला असणार. डोळ्याची जखम पंधराव्या माणसाच्या नावापुढे असेल. पंधराव्याचं सोळाव्यापुढे. थेट पान संपेपर्यंत."

"शक्य नाही. शेवटची ओळ मी नेहमी ताडून बघतो. शेवटची ओळ जुळली की पान जुळलं. आमची रीतच आहे."

"शेवटच्या दोघांचा शेरा सारखाच असेल तर?"

वीरभद्रप्पा उठून उभे राहिले. शेवटचे दोघेही मुदत संपून परत आलेले होते. ते त्यांना पाठ होते.

शुक्रवारी कचेरीचे दार उघडायला आलेल्या शिपायाला ते पायरीवर बसलेले दिसले. आत जाऊन त्यांनी रुमाल सोडला, यादी आणि रजिस्टर शेजारी ठेवले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. चौदापासून तेवीसपर्यंत. दहा माणसे. दहाही जणांच्या नावापुढे दुसऱ्याचे आयुष्य लिहिलेले होते. विसाव्या ओळीतला येडू कागदावर मेला होता. तोच येडू मागच्या उन्हाळ्यात याच टेबलापुढे दाखला मागायला उभा होता, आणि तोतया म्हणून त्यांनी त्याला हाकलले होते. खरा मेला होता तो एकोणिसावा, अक्कलकोटकडचा निंगप्पा. त्याच्या नावापुढे लिहिले होते, "सुखरूप परत."

निंगप्पाची बायको! ती कचेरीत तीनदा आली होती. ज्या वर्षी पलटणीची यादी आली, त्या वर्षी प्लेगमुळे तिचे गाव उठून रानात राहत होते, त्यामुळे परत आलेल्या शिपायांकडूनही तिला काही कळले नव्हते. घरी कळवायचे काम कचेरीचे होते, आणि रजिस्टरात मृत्यू नसल्यामुळे कुणी काही कळवले नव्हते. नवऱ्याचे काय झाले, एवढेच ती विचारत होती. तिसऱ्या वेळी वीरभद्रप्पा तिला कानडीत म्हणाले होते, "तुझा नवरा परत आलाय. घरी का येत नाही ते त्यालाच विचार."

त्यांनी लाल शाईची दौत उघडली. पट्टी घट्ट दाबून धरली. दहा ओळींवर दहा रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेशेजारी खरा शेरा, तारीख आणि सही. मग रजिस्टर आणि यादी काखेत घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिले. "हे तुमचं पान आहे?"

"होय, साहेब."

"केव्हा लक्षात आलं?"

"काल सापडलं. काल लपवलं. आज आणलं." ते तसेच उभे राहिले. "तपासणीत काय लिहायचं ते लिहा. पण या दाखल्यावर सही आत्ता हवी. माणूस धर्मशाळेत थांबलाय आणि पुण्याची गाडी गाठायची आहे."

साहेबांनी यादी पुन्हा ताडली आणि सही केली.

धर्मशाळेत वीरभद्रप्पा स्वतः गेले. जोतीराम भिंतीला टेकून, ओला पंचा डोळ्यांवर धरून बसला होता. त्यांनी दाखला त्याच्या हातात दिला. "रुमाल कालच सापडला होता. मी खोटं बोललो," ते म्हणाले.

जोतीरामने कागद चाचपून बंडीत ठेवला. गोजरबाई म्हणाली, "कालच दिला आसता तर आज पुन्यात आसतो की." मग तिने बोचके उचलले, कारण गाडी थांबणार नव्हती.

तपासणीच्या अहवालात ताशेरा आला. हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. तो दुसरा पान चघळत म्हणाला, "काय हो अप्पा, कुणी विचारलं नव्हतं तर बोलायचं कशाला?" वीरभद्रप्पा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. काम उरलेलेच होते. त्या वर्षाच्या रजिस्टरात आणखी एकतीस पाने होती, आणि ते रोज एक ताडत होते. शेवटची ओळ नव्हे, प्रत्येक ओळ.

चुकीच्या शेऱ्यांच्या माणसांना त्यांनी पत्रे पाठवली. एक पत्र मात्र लिहून होईना. लिहायला बसत आणि कागद फाडत.

तीन आठवड्यांनी पुण्याहून कार्ड आले. जोतीरामने कुणाकडून तरी लिहून घेतले होते. डावा डोळा काढला. उजव्याने माणूस ओळखू येतो, वाचवता आला तेवढा वाचवला. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर तोही गेला असता, असे डॉक्टर म्हणाले.

कार्ड वाचून वीरभद्रप्पांना बसवेना. त्यांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि अक्कलकोटकडची मोटार धरली.

निंगप्पाची बायको निंगव्वा शेतात तूर झोडत होती. त्यांना पाहताच तिने ओळखले आणि काठी खाली ठेवली नाही. त्यांनी कानडीत, उभ्याउभ्याच, सगळे सांगितले. निंगप्पा सतरा साली बसऱ्याच्या पुढे लढाईत पडला. चूक माझी. तीनदा आलीस, तीनदा मी बघितले नाही.

"म्हणजे तो पळून गेला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मुंबईत बाई ठेवली नव्हती."

"नाही, अव्वा."

"सगळं गाव म्हणत होतं. शेवटी मीही म्हणायला लागले." ती शेंगांच्या ढिगाकडे पाहत राहिली. "नऊ वर्षं मी मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या. त्या आता कुठे खोडायच्या, ते सांग."

वीरभद्रप्पा हात जोडून उभे राहिले. निंगव्वाने बसायलाही सांगितले नाही आणि जा असेही म्हटले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी कचेरीत लिहितो, कुणी शाळेचा दाखला भरतो, कुणी गावची जन्ममृत्यूची नोंद ठेवतो. हात माणसाचा आहे, तो चुकणारच. त्याची लाज नाही. लाज आहे ती चूक दिसल्यावर पान मिटून ठेवण्याची. एक रेघ, खरा शब्द, तारीख आणि सही, एवढ्याने कुणाची दृष्टी वाचते, तर कुणाचे गेलेले नाव परत मिळते. आणि ते उद्यावर टाकू नये, कारण त्या ओळीतला माणूस आपल्या दाराबाहेर आजच उभा असतो.