बगळोबांची रजा

प्रतीक्षा मुलांच्या रविवारच्या पुरवणीत बगळोबांची चित्रमालिका काढायची. हे बगळोबा चष्मा सावरत बाजारात जायचे, मासा न् मासा हुंगून नापसंत करायचे आणि शेवटी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी परतायचे. सगळं थेट तिच्या वडिलांवरून उचललेलं होतं, पण कारखान्यातून निवृत्त झालेल्या नागोरावांना त्याचा पत्ताच नव्हता.

एकदा बोईसरच्या बाजारात ते पापलेट हुंगत होते, तेव्हा नवापूरच्या वत्सलाबाई कोळीण म्हणाल्या, "काय बगळोबा, आज तरी घ्यायचं हाय का नाय? आमच्या नातीनं पेपरात दाखवलं हो तुमाला!"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. नागोराव तडक घरी आले.

"बापाला बगळा केलंस?"

"बाबा, चष्मा तेवढा तुमचा आहे."

"यापुढे तो बगळा दिसता कामा नये!"

प्रतीक्षाने बगळोबांना आजोळी धाडलं आणि त्यांच्या जागी एक शहाणी खारूताई आणली.

पुढच्या महिन्यात एकदा नागोराव बाजारातून तोंड पाडून आले. वत्सलाबाईंनी नुसतंच "काय पायजे?" म्हणून विचारलं होतं. जेवताना ते पुटपुटले, "तुझी खार फार उपदेश करते. पोरं कंटाळली असतील."

"मग काय करू?"

"त्या बगळ्याची रजा संपली असेल की आता."

प्रतीक्षाने हसू दाबत मान हलवली.

"आणि मान जरा आखूड काढ त्याची," नागोराव म्हणाले. "इतकी लांब कुणाची असते?"