मिठाच्या पाण्याला आंबील

२०२४ सालच्या जानेवारीत, वेळ अमावस्येच्या दिवशी, माझ्या नातीचा श्वास जाता जाता राहिला.

मंजुश्री तेव्हा दहा वर्षांची होती. तिला दमा. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला पोहू द्या, छाती मोकळी होईल. म्हणून माझी सून शिल्पा तिला तिथल्या एका बंदिस्त तलावावर नेऊ लागली. क्लोरीनचा वास इतका, की मी दारातच नाकाला पदर लावायची. आठवड्याभरात पोरीचे डोळे लाल झाले आणि झोपेत तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. पोहणं बंद झालं.

मी माहेरची उमरीची. आम्ही बहिणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. त्या पाण्याला वास असलाच तर शेवाळाचा. कधीमधी ग्रामपंचायतीचा माणूस पांढरी पावडर टाकून जाई. तेवढे दिवस आई आम्हाला काठावर फिरकू देत नसे.

माझी धाकटी बहीण नीलम्मा चाकूरला दिलेली. तिचा मुलगा महांतेश यानं शेतातली जुनी विहीर बुजवून तिथं पोहायचा तलाव बांधला होता. लातूरची माणसं सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन येत. त्यानं फोन केला, आमचं पाणी मिठाचं आहे, पोरीला घेऊन या. शिल्पानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यानं काही लपवलं नाही.

"वहिनी, क्लोरीन ह्यात बी असतंय. मशीन मिठातूनच बनवती. पण थोडं थोडं, हळूहळू. म्हणून वास न्हाई, डोळं चुरचुरत न्हाईत."

वेळ अमावस्येला आम्ही गेलो. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती, आत पांडवांची पूजा झाली, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन झाले, मडक्यातली आंबील सगळ्यांनी वाट्या भरभरून प्याली. हवा गार होती, मी नको नको म्हणत होते, पण दुपारच्या उन्हात मंजुश्री पाण्यात उतरली. मी काठावर बसून तिच्या श्वासाकडे कान दिला. खोकला नाही, काही नाही. "आज्जी, वरणात मीठ कमी पडलंय," ती पाण्याची चव घेऊन म्हणाली. किती दिवसांनी मी हसले.

आमच्यात त्या दिवशी पिकाभोवती आंबील शिंपडतात आणि उरलेली विहिरीला देतात. नीलम्मा मडकं घेऊन आली आणि सगळी आंबील तिनं तलावात ओतली. ताक आणि ज्वारीचं पीठ. बघता बघता पाणी गढूळ झालं. महांतेश कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, लातूरची माणसं येऊन राहिलीत आता."

"इहीर तूच बुजवलीस," नीलम्मा म्हणाली. "मंग आंबील कुणाला देऊ, तुझ्या मशीनला?"

पाणी लवकर निवळावं म्हणून त्यानं विहिरीच्या वेळची ब्लिचिंग पावडरची गोणी खोपटातून काढली. मंजुश्रीला बाहेर ये म्हणाला. ती म्हणाली, एकच बुडी, काका. श्वास धरून तळाला बसायचा तिला नाद लागला होता. महांतेशनं पावडर कालवायला जवळची बादली ओढली. बोअरच्या जड पाण्यानं मशीनच्या पत्र्यांवर पांढरी पुटं चढतात, ती काढायला सकाळी त्यानं त्याच बादलीत पत्रे ॲसिडमध्ये भिजवले होते. पत्रे उन्हात वाळत होते, बादली मात्र ओतायची राहिली होती. ॲसिड दिसायला पाण्यासारखंच. त्यानं त्यात पावडर टाकली.

बादली फसफसली. हिरवट-पिवळा धूर निघाला, आणि तो वर गेला नाही. बादलीच्या काठावरून खाली उतरून पाण्यावर सरपटत पसरला. महांतेश खोकत गुडघ्यांवर कोसळला. शिल्पा किंचाळली. मंजुश्री पाण्याखाली होती. ती वर येणार आणि पहिला श्वास त्याच धुराचा घेणार, एवढंच मला दिसलं.

कोपीजवळच्या चुलीचा धूर मावळतीकडे चालला होता, म्हणजे वारा तिकडे वाहत होता. मी उगवतीच्या बाजूनं, नेसत्या लुगड्यानिशी, पाण्यात शिरले. गढूळ पाण्यात चाचपडत तिची वेणी हाताला लागली. तिला वाटलं आज्जी खेळतीय. ती पाय झाडून निसटू बघत होती. मी वेणी सोडली नाही. ओढत ओढत उगवतीच्या पायऱ्यांशी आणून तिला वर काढलं. तिथंही घसा जाळणारा वास होताच. तिनं एक श्वास घेतला आणि तिची छाती वाजू लागली.

महांतेशला नीलम्मानं धुरातून मागं ओढलं होतं. शिल्पानं गाडी काढली. लातूरच्या वाटेवर पोर माझ्या मांडीवर बसली होती, दम्याचा फवारा तोंडात धरून. ओठ निळसर. एवढंच म्हणाली, "आज्जी, आत जागाच न्हाई."

मग शिट्टी थांबली. मला वाटलं, उतार पडला. शिल्पाला तसं सांगितलं, तर तिनं मागं वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी तिला पूर्वीच बजावलं होतं, आवाज थांबला म्हणजे हवाच आत जात नाही. त्यानंतर ती कुठंच थांबली नाही. मी पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसले. कधी काही लागे, कधी लागत नसे.

दवाखान्यात सुया टोचल्या, तोंडावर नळी लावली. मी भिंतीला टेकून उभी, ओल्या लुगड्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावून ऐकायला सांगितलं. शिट्टी परत सुरू झाली होती. त्या आवाजावर मी इतकी वर्षं चिडत आले होते; त्या दिवशी तो मी पुन्हा पुन्हा ऐकला.

मंजुश्री आठवड्यानं घरी आली. आता ती नांदेडला पुन्हा पोहते, दुसऱ्या एका उघड्या तलावावर. पाणी क्लोरीनचंच, पण वर आभाळ आहे आणि तिथला माणूस रोज पाणी तपासतो. शिल्पा चाळिशीत पोहायला शिकली आणि तिच्याबरोबर पाण्यात असते. महांतेशचा आवाज कायमचा घोगरा झाला. त्यानं तलाव रिकामा केला. ते खारं पाणी हरभऱ्याला देता येईना, म्हणून टँकर लावून उपसलं. नीलम्मा गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत फोनवर आधी पोरीच्या छातीची चौकशी करायची, मग माझी. मला काही झालं नाही. मी नांदेडला मुलाकडेच असते, मंजुश्रीच्या खोलीत झोपते, आणि ती शांत झोपली असली की मध्येच उठून तिच्या नाकाशी बोट धरते.